आत्या, तुमचा शुक्रवार

आत्या,

पेपरात तुमचा फोटो आला होता, त्याचं कात्रण समोर आहे. दोन बोटं रुंदीचा चौकोन, खाली नाव, वय, मागं मुलगा, सून, नात असा परिवार. दत्ताला घाईत दुसरा फोटो सापडला नाही, म्हणून आधार कार्डावरचा दिला. त्यात तुम्ही कुणावर तरी डाफरल्यासारख्या दिसता. आधी मला हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुमच्याबद्दल सांगण्यासारखं जे आहे त्यातलं त्या चौकोनात काहीच नाही. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही माझ्या वडिलांची बहीण नव्हता. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची रीत, म्हणून आत्या. लग्नानंतर पहिली दोन वर्षं तो शब्द माझ्या तोंडात बसत नव्हता. तुम्ही चितेगावला, मी आणि दत्ता शहरात, दोघंही शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला. सणावाराला भेट. तुम्ही कमी बोलायचात, मी त्याहून कमी. आपली खरी ओळख झाली ती सहा हजार किलोमीटर लांब गेल्यावर.

दत्ताच्या कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी चेक देशात, ब्रनो नावाच्या शहरात पाठवलं, तेव्हा आमची ओवी अकरा महिन्यांची होती. मी नोकरी सोडून गेले. चौथ्या महिन्यात मलाही तिथं काम मिळालं आणि पोरीला कोण सांभाळणार हा प्रश्न आला. तुम्ही नुकत्याच चितेगावच्या कंपनीतून सुटला होता. एकोणीस वर्षं पॅकिंगला, उभ्यानं खोकी भरत. व्हिसा तीन महिन्यांचा मिळायचा. म्हणजे तीन महिने तिथं, तीन महिने गावाकडं, असं चार वेळा यायचं ठरलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "तिथं थंडी लई असती व्हय?"

पहिल्या खेपेला मी ओवीला घेऊन तुम्हाला न्यायला आले. शहागंजच्या बाजारात आपण स्वेटर आणि बूट घ्यायला गेलो. बूट झाले आणि तुम्ही सरळ एका रद्दीच्या दुकानात शिरलात. मला वाटलं, पत्ता विचारताय. तर दुकानदार रफिकभाई उठून उभेच राहिले.

"आओ गयाबाई, भोत दिनां के बाद!"

तुम्ही त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक आहात हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी मागून जुने दिवाळी अंक काढले, दोन-तीन कादंबऱ्या काढल्या. "ये लेव, पतली है. सफर में हलकी पडती."

"पतली नको भाई. मोटी द्या. तीन महिने पुरली पाहिजे."

घरी आल्यावर मी बॅगेत पापड, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी भरत होते. तुम्ही पापड बाहेर काढून त्या जागी पुस्तकं ठेवलीत. मी म्हणाले, आत्या, पापड तिकडं मिळत नाहीत. तुम्ही म्हणालात, "पापडावाचून कुणी मरत नाय. आन् ह्ये बी मिळत नसंलच ना तिकडं?"

चौथीपर्यंत शाळा. नंतर मेंढरं, मग लग्न, मग कंपनी. कंपनीतल्या खोक्यांवरची लेबलं वाचून अक्षरं टिकली, असं तुम्ही मला पुढं कधीतरी सांगितलंत. खोक्यावरून पेपर, पेपरावरून अंक, अंकावरून पुस्तक. जेवणाच्या सुट्टीत भिंतीला टेकून वीस मिनिटं. एवढ्या वर्षांत दत्तालाही तुमचं हे माहीत नव्हतं.

ब्रनोला येऊन दुसरा आठवडा चालू होता. शुक्रवारी मी आणि दत्ता आळीपाळीनं घरून काम करायचो. त्या दिवशी माझी पाळी. मी लॅपटॉप उघडला आणि तुम्ही आतून आलात. लुगडं, वर दत्ताचं जाड जाकीट, पायात नवे बूट, डोक्याला रुमाल, हातात कापडी पिशवी.

"कुठं निघालात?"

"सुट्टी हाय मपली."

"कसली सुट्टी?"

"शुक्रवारची. आमची कंपनी शुक्रवारी बंद असायची."

"आत्या, इथं कुठं आलीय कंपनी?"

"पोरगी सांभाळायची, सैपाक करायचा, हे काम नाय व्हय? का घरातलं म्हून त्याला काम म्हणायचं नाय?"

मी हसले. मला वाटलं थट्टा चाललीय. तुम्ही हसला नाहीत. "रविवारी घ्या की मग," मी म्हणाले, "आम्ही दोघं घरी असतो." तुम्ही दाराची कडी काढत म्हणालात, "रविवारी तुमची सुट्टी. तव्हा तर सैपाक वाढतो." आणि गेलात.

मी दत्ताला फोन केला. तो ऑफिसातून ओरडला, "एकटी? तिला पत्ता तरी माहितीय का?" पत्ता तुमच्या कमरेच्या पिशवीत होता, तुम्हीच ओवीच्या रेघोट्यांच्या वहीतल्या कागदावर माझ्याकडून लिहून घेतला होता, दोन दिवस आधी. मला तेव्हा शंका आली नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही परत आलात. नाक लाल, डोळे चमकत होते. "हॉटेलात बसले व्हते," म्हणालात.

आपल्या गावाकडं हॉटेल म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. रस्त्याकडेची चहाची टपरी, बाहेर दोन बाकडी, आणि त्यावर फक्त गडीमाणसं. बाईनं तिथं उभं राहून पार्सल न्यावं, फार तर. बसलेली बाई मी जन्मात बघितली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी दत्ता घरी होता, म्हणून मी तुमच्याबरोबर आले. नुसतं बघायला. ट्राममधून उतरून चढाच्या चौकात भाजीबाजार. "शहागंजावाणीच हाय," तुम्ही म्हणालात, "पर कुणी वरडत नाय. कसा इकत्यात काय की." बाजाराच्या वरच्या कोपऱ्यावर ते जुनं कॅफे. उंच खिडक्या, लाकडी खुर्च्या, दाराजवळ कोट अडकवायला खुंट्या. आत दहा-बारा माणसं आणि दहा-बारा वर्तमानपत्रं. केसांचा पांढरा अंबाडा घातलेली एक बाई काम करत होती. तुम्ही आत शिरताच "दोबरी देन" असा तिकडचा नमस्कार केलात, ती पण तेच म्हणाली, आणि न विचारता तुमच्यासाठी दुधाची कॉफी घेऊन आली. शेजारी पाण्याचा ग्लास. पहिल्या दिवशी तुम्ही चहा मागितला होता म्हणे, शेजारच्या टेबलाकडं बोट दाखवून. कपात गरम पाणी, त्यात सुतळीला बांधलेली पुडी. "म्हणलं, औषध दिलं का काय."

तुम्ही जाकीट खुंटीला लावलंत, पिशवीतून कादंबरी काढलीत, खुणेचं पान उघडलंत आणि माझ्याकडं बघितलंत. "तू काय वाचणार?"

माझ्याकडं काहीच नव्हतं. मी फोन काढला. तुमचं बोट ओळीखालून सरकत होतं, ओठ हलत होते. मधेच तुम्ही एकट्याच खुदकन हसलात. पाऊण तासात मी चुळबुळायला लागले. बाहेर पडताना तुम्ही म्हणालात, "वैशे, मागल्या शुक्रवारी तीन तास बसले. कुणी ऊठ म्हणलं नाय."

तुम्ही हे किती आश्चर्यानं म्हणाला होता ते मला तेव्हा कळलं नाही. मी घड्याळ बघत होते.

आता एक कबुली. तुमच्या पहिल्याच खेपेतली गोष्ट. दत्ताच्या एका सहकाऱ्याची बायको, आपलीच मराठी, मला सोमवारी भेटली. "अगं, शुक्रवारी तुझ्या सासूबाईंना बघितलं. एकट्याच कॅफेत बसल्या होत्या. घरात सगळं ठीक ना?" मी क्षणात खोटं बोलले. म्हणाले, "हो अगं, आम्ही ओवीला डॉक्टरकडं नेलं होतं, त्या आमची वाट बघत होत्या." किती सहज सुचलं! मग घरी येऊन तुमच्या हातची भाकरी खाल्ली आणि काही बोलले नाही. मला लाज तुमची वाटली नव्हती, लोकांना सुनेनं घराबाहेर काढलं असं वाटेल याची वाटली होती, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही, आत्या. तुमचीच वाटली होती. लुगड्याची थोडी, आणि कुणाचीही वाट न बघता बसण्याची जास्त. तुम्ही असताना हे सांगायला जीभ उचलली नाही.

आणि ते भांडण. ते तर अजून माझ्या डोक्यात चालूच आहे.

तीच पहिली खेप, फेब्रुवारी. दत्ता आठवडाभरासाठी पोलंडला. ओवीला सर्दी-ताप. शुक्रवारी दहा वाजता मला ऑफिसात वरिष्ठांसमोर माझं काम मांडायचं होतं. त्यावर माझी नोकरी कायम व्हायची की नाही ते ठरणार होतं. गुरुवारी संध्याकाळी मी तुम्हाला म्हणाले, "आत्या, उद्याचा दिवस तेवढा थांबा."

"नाय जमायचं."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "पोरीला ताप आहे."

"ताप उतरलाय. सर्दी हाय. तू रजा काढ."

"माझी नोकरी जाईल, आत्या!"

"एका दिसात जाती ती नोकरी असती व्हय?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "मग तुम्हाला इथं आणलं कशासाठी?"

तुम्ही भांडी घासत होता. नळ बंद केलात. "आणलं? मी काय पेटी हाय?" मग हात पुसलेत आणि खोलीत गेलात. सकाळी नऊ वाजता तुम्ही खरंच निघालात. जाताना ओवीच्या कपाळाला हात लावून बघितलंत, माझ्याकडं नाही.

मी ऑफिसला कळवलं. माझं काम एका सहकाऱ्यानं मांडलं. मग अकरा वाजता माझा तोल गेला. ओवीला तीन कपड्यांत गुंडाळलं, बाबागाडीत घातलं आणि बर्फातून गाडी ढकलत तो चढ चढले. भांडायलाच निघाले होते. दार ढकलून आत आले तर तुम्ही नेहमीच्या जागी. मला बघून एक बोट वर केलंत, थांब म्हणून. पान संपवलंत, ट्रामचं तिकीट खुणेला घातलंत, पुस्तक मिटलंत आणि मग दोन्ही हात पुढं केलेत. "दे तिला. तू कोट काढ. इथं वरडायचं नसतं."

तर आपण कुजबुजत भांडलो. आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण, आणि शेजारच्या माणसाला पेपर वाचताना मान वर करावी लागली नाही. मी म्हणाले, तुम्हाला माझी किंमत नाही. तुम्ही म्हणालात, "हाय." मी म्हणाले, एक दिवस, फक्त एक दिवस मागितला होता. तुम्ही ओवीचं नाक पुसलंत आणि बोलायला लागलात. तुम्ही सलग इतकं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"कंपनीच्या वाटंवर हॉटेल हाय बघ. एकोणीस वर्सं त्याच्याम्होरून गेले मी. सकाळी जाताना, सांजच्याला येताना. गडीमाणसं बसलेली. पाय वर घिऊन, पेपर वाचत. त्यांची सुट्टी असली तरी तिथंच, नसली तरी तिथंच. मला वाटायचं, एक डाव आत जावं. च्या मागावा, पेपर घ्यावा, बसावं. कव्हा पाय उचलला नाय. आन् सुट्टीच्या दिशी घरी दुप्पट काम. कपडे त्या दिशी, दळण त्या दिशी, सारवण त्या दिशी. मला कंपनीनं सुट्टी दिली वैशे, घरानं कव्हाच नाय दिली. आता मी घेतलीय. ती एकदा मोडली का मोडतीच. आज तुपली मीटिंग, उद्या दत्ताचं काय, परवा पाव्हणे. मंग शुक्रवार कुठं ऱ्हातो?"

"पण आज मला खरंच लागलं होतं, आत्या."

तुम्ही खिडकीतून बाहेर बघत राहिलात. "व्हय," म्हणालात. "लागलं व्हतं."

बस. चुकलं म्हणाला नाहीत, पुढच्या वेळी थांबेन म्हणाला नाहीत. तेवढ्यात त्या अंबाड्याच्या बाईनं न मागता मधाच्या केकचा तुकडा आणून ठेवला, दोन चमचे घालून. आपण दोघींनी चमचे उचललेच नाहीत. ओवीनं हातानं सगळा खाल्ला.

नोकरी कायम व्हायला मला पुढं एक वर्ष लागलं. मला आजही वाटतं की त्या दिवशी माझं बरोबर होतं. आणि तुमचंही होतं असं ज्या दिवशी वाटतं, त्या दिवशी मला राग येतो, कारण मग भांडायला काही उरत नाही. गेल्या वर्षी एकदा मी विषय काढला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, "सोड. दोघींचं बी खरं व्हतं, म्हून तर मिटलं नाय."

पण तुम्ही गप्प बसणाऱ्या नव्हता. दत्ता पोलंडहून आला त्या रात्री जेवताना तुम्ही त्याला सांगितलंत, "शनिवारी पोरीला तू बघायचं. सकाळपून चार वाजेपर्यंत. वैशी घरात ऱ्हाणार नाय." तो म्हणाला, "तिला विचारलंस का?" तुम्ही म्हणालात, "तिला काय इचारायचं, ती नायच म्हणंल."

आणि मी नाहीच म्हणाले की! पहिल्या शनिवारी तुम्ही मला अक्षरशः दाराबाहेर काढलंत. मी दीड तासात दोन पिशव्या भाजी आणि ओवीचे मोजे घेऊन परत. तुम्ही पिशव्यांकडं बघितलंत आणि कपाळावर हात मारलात. "सुट्टीत भाजी आणलीस व्हय गं? तुला कव्हा बसायला यायचं?" मला ते पुरतं आलं नाही, आत्या. थोडं थोडं आलं. ज्या शनिवारी मी पहिल्यांदा चार वाजता, रिकाम्या हातानं घरी आले, त्या दिवशी तुम्ही मला काही विचारलं नाहीत. फक्त ताटात भाकरी आधी माझ्या वाढलीत, दत्ताच्या नंतर. हे मी जन्मभर विसरणार नाही.

तिसऱ्या खेपेपासून तुम्ही एकट्या येऊ लागलात. मुंबई, मग व्हिएन्ना, तिथून दत्ता गाडीनं आणायचा. पहिल्याच वेळी रस्त्यात बर्फ पडलं, तो तीन तास अडकला. फोन तुमचा बंद. तो विमानतळावर धावत शिरला तेव्हा, तो सांगतो, त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. आई हरवली, आई रडत असेल, आईला कुणी हटकलं असेल. तुम्ही तिथल्या कॅफेत, बॅग दोन पायांच्या मधे धरून, कॉफी पीत वाचत होता. त्याला बघून म्हणालात, "आलास व्हय? बस. पान संपू दे." दत्ता ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना सांगतो. सांगताना त्याची छाती फुगते.

दोन वर्षं संपली, आपण परत आलो. मला वाटलं, आता तुमचं ते संपलं. इथं कुठं बसणार? तुम्ही आमच्याकडं मुकुंदवाडीला राहायला आलात आणि पहिल्याच शुक्रवारी शेअर रिक्षा करून कॅनॉटच्या एका कॅफेत गेलात. काचेचं दार, आत कॉलेजची पोरंपोरी, मोठ्यानं गाणी. तिथल्या मालकीणबाईंनी विचारलं, "मावशी, कोणाला भेटायचंय?"

"कुणाला नाय. वाचायला आले. ते गाणं जरा बारीक करता का?"

त्यांनी केलं. हे मला तुम्ही सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात त्या भेटायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं. निलोफर नाव त्यांचं, तिशीच्या असतील. म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंच्या शेजारचं टेबल पोरी आधी धरायच्या, माहितीये? परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या. आजी तिथं बसल्या की आजूबाजूला कोणी टवाळ फिरकत नव्हता. एक-दोनदा कोणी आलं तर त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं." त्या सांगत होत्या आणि मी तुमच्या रिकाम्या पलंगावर बसून ऐकत होते. पाच वर्षांत मी तुम्हाला एकदाही विचारलं नव्हतं की तिथं काय होतं. घरी आलात की मी विचारायचे, "रिक्षा मिळाली का?"

भावकीत मात्र बोलणं व्हायचं. तुमच्या जाऊबाई, आमच्या भागूकाकी, एका लग्नात माझ्या तोंडावर म्हणाल्या, "बाईमाणूस हॉटेलात बसतं व्हय? आन् ह्या वयात? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी सांगा की तिला." तुम्ही पलीकडं बसला होता, ऐकू गेलं. म्हणालात, "भागे, चल की तू बी येत्या शुक्रवारी." काकींनी तोंड फिरवलं.

मग तो मंगळवार. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सकाळी बोलत होता, दुपारी बोलला नाहीत, दुसऱ्या दिवशी गेलात. दवाखान्यात मी तुमचा हात धरून बरंच काही बोलले, पण तेव्हा तुम्ही ऐकत होता की नाही कोण जाणे. म्हणून ते धरत नाही. हेच धरा.

दहावा गावाकडं झाला, तळ्याच्या काठी. सगळं गाव आलं होतं, कंपनीतल्या बाया आल्या होत्या. प्रवचन झालं आणि मग बोलायला तुमचे चुलतदीर, नाना, उठले. माईकवर म्हणाले, "गयाबाईनं उभ्या जन्मात एक मिनिट बूड टेकलं नाय. सण नाय, सुट्टी नाय. रात नाय, दिस नाय. ऱ्हाबली. अशा बाया आता व्हणार नायत." माणसांनी माना डोलावल्या. बायांनी डोळ्यांना पदर लावले. नाना तुमचं भलंच बोलत होते, मला कळत होतं. पण आत्या, माझ्या अंगाची लाही झाली. जे मिळवायला तुम्ही इतकं भांडलात, माझ्याशीसुद्धा, ते त्यांनी दोन वाक्यांत पुसून टाकलं होतं.

मी उठले. दत्तानं माझ्याकडं बघितलं, त्याला वाटलं मला भोवळ आली. त्या गावात सून म्हणून दहा वर्षं, चारचौघांत माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मी नानांच्या हातातून माईक घेतला.

"नाना, माफ करा, पण हे खरं नाही. आत्या बसायच्या. दर शुक्रवारी. चार-चार तास. परदेशात होत्या तेव्हा तिथं कॅफेत बसायच्या, इथं आल्यावर कॅनॉटला बसायच्या. कॉफी प्यायच्या आणि पुस्तक वाचायच्या. एकट्या. कुणाची वाट बघत नव्हत्या. कष्ट तर इथल्या सगळ्याच बाया करतात, त्यात आत्यांचं नवल काय? आपली सुट्टी आपण घेऊन हक्कानं बसणारी बाई मी एकच बघितली. मला तिची सून व्हायला मिळालं. एवढंच सांगायचं होतं."

माईक खरखरला. नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि परत घातली. बायांच्या घोळक्यातून कंपनीतली कुणीतरी हसली, आणि मग दुसरी कुणीतरी मोठ्यानं रडली. मी येऊन जागेवर बसले. दत्तानं सगळ्यांसमोर माझा हात धरला.

जेवणाची पंगत बसली तेव्हा भागूकाकी माझ्याशेजारी येऊन टेकल्या. ताटातलं काही खात नव्हत्या, नुसता भात कालवत होत्या.

"मला दोन डाव म्हणली व्हती," त्या म्हणाल्या. "चल म्हणली. मी उलटं तिलाच नावं ठिवली."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

थोड्या वेळानं त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "वैशे, मला वाचाया येत नाय. माझा अंगठा हाय."

"माहितीय, काकी."

"तिथं नुसतं बसलं तर चालंल का?"

हे खरं तर तुम्हाला विचारायला हवं होतं, आत्या. पण काकी भातात हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत होत्या. तुम्हाला न विचारताच मी हो म्हणून टाकलं.